अर्धा चहा आणि सिंहपुच्छ वानर

अमळनेरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि माझ्यासोबतचे एक गृहस्थ प्राणिशास्त्र. न विचारता माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचे, फुर्र करून प्यायचे आणि कशाचीही कशाशी तुलना करत बसायचे. त्या वर्षी त्यांनी परीक्षेला प्रश्नच काढला: परजीवी तपकिरी शैवाल आणि सिंहपुच्छ वानर यांची तुलना करा.

"अहो, एक समुद्रात दुसऱ्या शैवालावर पोसतं, दुसरं घाटातल्या जंगलात राहतं. पोरं काय डोंबल लिहिणार?" मी कावलो.

"ते दुसरं शैवाल उपटलं, ते जंगल तोडलं, की दोघांचाही खेळ खलास. आहे की नाही?"

"पण एक फुकटखाऊ आहे आणि दुसरं बिचारं!"

"ते आपण बाहेरून ठरवतो," असं म्हणून त्यांनी माझी बशी रिकामी केली.

मग आठवडाभर मी धुळ्याला बहिणीकडे होतो. परत आलो तर शिपाई सांगतो, "तुम्ही नव्हतात ना सर, मंग ह्या सरस्नी आठोडाभर चहाच पिधा नही."

आता ह्या माणसाला शैवालात घालावं की वानरात? मी वैतागून दोन चहा मागवले. त्यांनी आपला कप बाजूला सारला आणि माझ्या कपातला अर्धा बशीत ओतला.