माझ्या जागी गवत

पान वाढून झालं होतं. वडे, खीर, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. मी पाटावर बसलो होतो. तेवढ्यात काका म्हणाले, "उठ जरा."

मला वाटलं पाट सरकवायचा असेल. मी थोडा बाजूला झालो.

"तसं नाही. पूर्ण उठ."

मी उठलो. मला पानावरून उठवलं होतं. आमच्या आळीत भांडणातसुद्धा कोणी कोणाला पानावरून उठवत नाही. मारायचंच असेल तर जेवण होऊ देतात, मग मारतात.

हे काका माझे कोणी नव्हते. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर मी नागपुरात संस्कृतात एम. ए. करत होतो. काका त्या ट्रस्टचे विश्वस्त. मनीषनगरला त्यांच्या घरी माझा गुरुवार असायचा.

गुरुवार म्हणजे काय ते सांगतो. ट्रस्ट हातात पैसे देत नाही. फी परस्पर भरतो, राहायला खोली देतो, आणि दुपारचं जेवण वारावर. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, ती परंपरा आम्ही टिकवली आहे, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा मला काही खटकलं नाही. संस्कृताला पैसे देणारं दुसरं कोणी सापडतच नव्हतं. सरकारी शिष्यवृत्तीला जात पडताळणीचा कागद लागतो, आणि आमचं प्रकरण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापाशी अडकलेलं. विभागाच्या फळ्यावर एका परदेशी विद्यापीठाची जाहिरात होती, प्राचीन भाषांसाठी. ग्रीक, लॅटिन, संस्कृत, सगळं चालणार होतं. पण मुलाखत इंग्रजीत. आणखी एक शिष्यवृत्ती होती, ती फक्त वेदपाठशाळेत शिकलेल्या मुलांना. विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "हाच अर्ज भर. जेवणाचा प्रश्न तरी सुटेल." मी भरला.

पहिलं वर्ष गेलं. मी सात घरी जेवलो. दुसऱ्या वर्षाचा अर्ज विश्वस्तांपुढे ठेवलेला होता आणि पितृपक्ष लागला. काकांच्या वडिलांचं श्राद्ध नेमकं गुरुवारी आलं. पितृपक्षात भटजी मिळणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळण्यासारखं. विधी सांगायला गुरुजी आले होते. पानावर बसायला दोन ब्राह्मण हवे होते, त्यांतला एक आला, दुसऱ्याने ऐनवेळी फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं.

काका हसून म्हणाले, "अरे, आपले शास्त्रीबुवा आहेत की घरात. जा, आंघोळ करून ये."

शास्त्रीबुवा म्हणजे मी. वर्षभर काका मला हेच म्हणायचे. माझ्या आडनावावरून जात ओळखायला माणूस उमरेडच्या बाजूचा असावा लागतो, आणि काकांचा जन्म नोकरीच्या बदल्यांत गेलेला. संस्कृत शिकतो, एवढ्यावर त्यांनी बाकीचं धरून चाललं होतं.

हे चालणार नाही, हे मला ठाऊक होतं का? होतं. धर्मशास्त्राचा पेपर होता आम्हाला. मी तोंड उघडायला हवं होतं. पण वाराचा विद्यार्थी यजमानाला नाही म्हणत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

काकांनी धोतर दिलं. काठ बघताच मी ओळखला, आमच्या उमरेडच्या मागावरचा. माग विकण्याआधी बाबा असलीच धोतरं विणायचे. ते नेसून पाटावर बसलो. काकांनी वाकून माझे पाय धुतले. माझ्या बापाहून मोठा माणूस. पुसले, गंध लावलं. पान वाढलं. मग माझ्या खांद्यावरचं उपरणं सरकलं.

काकांच्या बहीण, आत्या, दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "याचं जानवं कुठाय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "घालत नाहीस?"

"आमच्या घरात कोणी घालत नाही."

"म्हणजे कोण तुम्ही?"

"कोष्टी. विणकर."

कोणी ओरडलं नाही. कोणी शिवी दिली नाही. काकांनी फक्त उठायला सांगितलं, तेही हळू आवाजात. मग ते पुन्हा आंघोळीला गेले. आतून गीझरच्या नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. माझ्या पायांना लागलेले हात होते ते.

गुरुजींनी वेळ दवडला नाही. पिशवीतून दर्भ काढले, गाठ मारून जुडी केली आणि माझ्या पाटावर ठेवली. ब्राह्मण मिळाला नाही तर तसं करतात. त्याला चट म्हणतात. चटावर मी परीक्षेत टीप लिहिली होती, पूर्ण मार्क मिळाले होते. आता तो प्रत्यक्ष पाहिला. माझं पान उचललं, नवीन मांडलं, पुन्हा सगळं वाढलं. काका ओलेत्याने बाहेर आले आणि त्यांनी त्या जुडीला नमस्कार केला.

गवत चाललं. मी चाललो नाही.

आत्या म्हणाल्या, "धोतर सोडून मोरीत टाक. आता धुवावं लागेल." मी टाकलं. पँट घातली. फाटकापाशी काकू मागून आल्या, हातात दोन केळी. "उपाशी जाऊ नकोस रे," म्हणाल्या. काकू चांगल्या होत्या. वर्षभर त्यांनी मला तिसरी पोळी न विचारता वाढली होती. मी केळी घेतली आणि "थँक्यू काकू" म्हणालो. सगळ्या दिवसातलं हे "थँक्यू" मला अजून सहन होत नाही.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. बसस्टॉपवर उभं राहून केळी खाल्ली, सालं टाकायला कचऱ्याचा डबा शोधला. खोलीवर येऊन दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणं काढली. शुक्रवारच्या घरी गेलो तर कुलूप होतं. शनिवारच्या घरून निरोप आला, पाहुणे आले आहेत. सोमवारपर्यंत सगळ्याच घरी पाहुणे आले होते.

मग ट्रस्टच्या चिटणिसांनी बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज मऊ.

"तू सांगायला हवं होतंस."

"सर, अर्जात लिहिलं आहे."

त्यांनी फाईल उघडली. जातीचा दाखला वरच होता, मी स्वतः जोडलेला. त्यांनी तो वाचला. दोनदा वाचला असेल. मग पान उलटलं.

"तो भाग आहे. पण पितरांचं कार्य असतं बाबा. काकांच्या मनाला लागलं. दोन ओळींचं माफीपत्र दे, अनवधानाने झालं म्हणून. दुसऱ्या वर्षाचं मी मंजूर करून घेतो." मी उठलो तेव्हा ते आणखी म्हणाले, "संस्कृतातच लिही. तेवढाच अभ्यास."

आणि मी लिहिलं. हे मला सांगितलंच पाहिजे. खोलीवर गेलो, कागद घेतला आणि माफी लिहायला बसलो. आधी गद्यात लिहिली. मग वाटलं, श्लोकात बसेल. दोन तास बसवत होतो. शेवटचा चरण जमला तेव्हा मी तो मोठ्याने म्हणून पाहिला, पुन्हा म्हटला, आणि मला आनंद झाला. मी पानावर बसलो याची माफी किती सुंदर जमली, याचा आनंद. त्या खोलीत मी एकटा होतो, नाहीतर मला तोंड दाखवायची लाज वाटली असती.

कागद घेऊन गेलो. चिटणिसांनी चष्मा लावून वाचला.

"वा. काय भाषा आहे. काका खूश होतील. वार्षिक समारंभात वाचू आपण हे, देणगीदारांसमोर. बघा म्हणावं, कुठून कुठं आणलं मुलाला." कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सही राहिली तुझी."

त्यांनी पेनही दिलं. मी पेन टेबलावर ठेवलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"सही करत नाही सर. मी चुकलो नाही."

"मग दुसऱ्या वर्षाचं काय?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. खोली दोन दिवसांत सोडली. एका पिशवीत कपडे, दोन पिशव्यांत पुस्तकं, उमरेडची एस. टी.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून उठवलं तुले? काही सांडवलं होतं काय तू?"

"काही नाही सांडवलं."

बाबा आता कापडाच्या दुकानात गाठी उचलतात. ते जेवत होते. ते म्हणाले, "सही करून टाकाची होती गा. वर्ष तं निघालं असतं."

"चुकलो असतो तं केली असती."

"मोठ्या लोकायच्या पानावर बसाचं नसते. एवढं शिकून तुले हे नाही समजलं."

तेव्हा राग आला. इतक्या दिवसांनी, आमच्या स्वयंपाकघरात. बाबांनी जन्मभर लोकांना सोवळ्याची धोतरं विणून दिली आणि त्यांना स्वतःला एवढंच शिकवलं गेलं, की आपण कुठे बसायचं नाही. ते मला तेच देत होते, प्रेमाने. मी ते घेतलं नाही. ताट उचललं, घासलं आणि अभ्यासाला बसलो.

आता रोज एस. टी.ने जातो-येतो. दुपारी विभागात डबा खातो. संध्याकाळी दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवतो, मार्क मिळवून देणारा विषय म्हणून त्यांचे आईबाप पाठवतात. फी अर्धी भरली आहे, अर्धी बाकी आहे. पडताळणीचं प्रकरण अजून आजोबांपाशीच आहे. दिसेल ती शिष्यवृत्ती भरतो.

प्रत्येक अर्जात एक रकाना असतो. यापूर्वी शिष्यवृत्ती मिळाली होती का, आणि बंद झाली असल्यास कारण. पहिल्या वेळी मॅडमनी सांगितलं, "वैयक्तिक कारण, एवढं लिही. खरं लिहिलंस तर कोणी देणार नाही." त्यांचं बरोबर असेल. आतापर्यंत तीन ठिकाणांहून नकार आले.

मी चौथा अर्ज भरला आहे. रकाना पुरत नाही, म्हणून वेगळा कागद जोडतो. त्यावर मराठीत लिहितो: श्राद्धाच्या पानावरून मला जात कळल्यावर उठवलं. माझ्या जागी गवत बसवलं. माफी मागायला सांगितली, मी मागितली नाही. म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली.

पाचव्या अर्जालाही हाच कागद जोडीन. पन्नासाव्यालाही. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी हे वाचून द्यावं. खाली सही करतो, पूर्ण नावाची, आडनावासकट, आणि आडनावावरून कळणार नाही म्हणून पुढे लिहितो: कोष्टी.