दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचायचो. घाटंजीला शाळेत विज्ञान शिकवतो... जळलेल्या सर्किटमधून करंट जात नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

लहानपणी मारेगावला आमच्या गल्लीत दोनच व्हिडिओ गेम होते. माझा सोळा बिटचा, पुण्याच्या काकांनी आणलेला. समोरच्या विलासचा साधा, आठ बिटचा.

"तुह्या डब्यात दम नाही बे," मी म्हणायचो.

"मंग रोज येतं कायले?"

खरंच होतं. माझ्या गेममध्ये चित्रं देखणी, पण खेळायचं एकट्यानं. त्याच्यात दोघं मिळून लढायचे, म्हणून सगळी पोरं त्याच्याकडे. तिथेही पहिला रिमोट मीच बळकावायचो. दुसऱ्याला स्टार्टचं बटणच नसायचं, त्यावरून गेम थांबवता येत नसे. त्याला आईनं हाक मारली की विलास ओरडायचा, "थांब ना बे!" मी थांबवायचो नाही. त्याचा माणूस मरायचा.

एका दुपारी तो पाणी आणायला आत गेला आणि मी त्याच्या सेटला माझा जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावला. चुकून नाही... खिशात घालूनच गेलो होतो. जळका वास आला. बापाचा मार विलासनं खाल्ला, मी गप्प राहिलो. पुढे तो माझ्याकडे खेळायला येऊ लागला.

मागच्या वर्षी विलास आजारानं गेला. त्याच्या आईनं, काकूंनी, तो सेट माझ्या हातात दिला. "तुमी दोघं खेळत होते न... ने बाप्पा."

रविवारी भरदुपारी माझी मुलगी पूर्वा तो टीव्हीला जोडत बसली. म्हटलं, जळलाय तो. तिनं कॅसेटमध्ये फुंकर मारली, बटण दाबलं — आणि सेट चालू!

पहिला रिमोट तिनं घेतला. दुसरा मी, जन्मात पहिल्यांदा. गेम खरंच भारी होता, माझ्या गेमपेक्षा कितीतरी. तेवढ्यात आतून बायकोनं हाक मारली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब ना बे!"

गेम थांबला.

"बाबा, मी स्टार्ट नाही दाबलं," पूर्वा म्हणाली. तिचे अंगठे मला दिसत होते. नव्हतंच दाबलं.

मग पडदा काळा झाला. सेट उघडून पाहिला, तर आतली पट्टी कोळसा झालेली. अशातून करंट जात नाही.

दुसऱ्याच दिवशी मारेगावला गेलो. काकू अंगणात तूर पाखडत होत्या. अडॅप्टरचं सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"माहीत हाय मले. त्यानं तवाच सांगतलं होतं. म्हणे, बाबाले सांगू नको माय, मंग तो माह्यासंग खेळणार नाही."

सेट कसा चालला, कुणी थांबवला... मला अजून सांगता येत नाही. तो टीव्हीखालीच आहे. अधूनमधून मी बटण दाबून पाहतो. लाल दिवा लागत नाही. तरी बसताना दुसरा रिमोट मी हातात घेतो. पहिला समोर ठेवतो.