दारातलं दही

एम.ए. झालेली माझी नात आज पुन्हा मुलाखतीला निघाली. निघणाऱ्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची आमच्या घरची रीत. मी वाटी पुढे केली, तर तिनं हात मागे घेतला.

"नको आबा. दरवेळी दही खाऊन जाते नि हात हलवत परत येते. लाज वाटते."

मी वाटीकडे बघत राहिलो. थंडीत विरजण उशिरा लागतं. आपणच घाईनं भांडं हलवून बघतो आणि नावं मात्र दुधाला ठेवतो.

"पोरी, हेही उशिरा लागलं. मी ओतून दिलं का? हात कर."

"आणि आजही नाही झालं तर?"

"उद्या परत लावीन. मी थकलेलो नाही."

तिनं हात पुढे केला, दही चाटलं. "आंबट आहे, आबा."

"मग! लागलंय म्हणून आंबट. नीघ आता."