‘निरोप’चा मूळ लेखक

शशिधर मगदूम मोठ्यानं बोललेला मी कधी ऐकला नाही, आणि कोल्हापुरात राहून हे जमवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वरची खोली मी भाड्यानं देतो. तिथं शशी आणि त्याचा कॉलेजातला मित्र ऋतुराज असे दोघं राहायला आले. ऋतुराज नेसरीचा, तो जिना चढायच्या आधी त्याचा आवाज वर पोचायचा. शशी हुपरीचा. तो खोलीत आहे की नाही, हे वर जाऊन बघावं लागायचं.

त्या खोलीत शशीनं एक लायब्ररी लिहिली. म्हणजे इतर प्रोग्रॅमर लोकांनी आपल्या कामात जोडून घ्यायचा तयार कोड. तिचं नाव त्यानं ठेवलं ‘निरोप’. इंटरनेटवर एरवी आपण काही मागतो, समोरून उत्तर येतं आणि विषय संपतो. वेबसॉकेट म्हणून एक पद्धत आहे, तिच्यात लाइन उघडीच राहते. दोन्हीकडून कुणीही, कधीही बोलावं. अशा हजारो लाइनी एकदम सांभाळायच्या आणि एकापायी दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे ‘निरोप’चं काम.

“हे तुला सुचलं कुठनं रे?” मी विचारलं होतं.

“अव्वाकडनं,” तो म्हणाला. त्याची आई चन्नम्मा हुपरीत घरीच चांदीचे पैंजण करते. “डाग दिलेलं, म्हंजे सांधं जोडलेलं पैंजण उकळाय ठेवलं की ती शेगडीपाशी बसून ऱ्हात न्हाय, दादा. तवर घुंगरं जोडती. मधीच भाकरी थापती. उकळी आली की बरोबर उठती. म्या तेच लिवलंय, दुसरं काय न्हाय.”

आता चन्नम्माचे पैंजण कुठं कुठं जातात म्हणे, पण त्यावर छाप असतो व्यापाऱ्याचा. तिचं नाव आयुष्यात कशावर आलं असेल तर रेशनकार्डावर. शशीला ते लागलेलं होतं. म्हणून ‘निरोप’ त्यानं सगळ्यांना फुकट दिली आणि अट घातली ती एकच. वापरा, विका, मोडा, जोडा, पण लिहिणाऱ्याचं नाव राहू द्या. तिथं त्यानं स्वतःचं पूर्ण नाव टाकलं होतं, वडिलांच्या नावासकट. परदेशातली माणसं त्याला शंका विचारायला लागली. पोरगं दिवसभर हसतमुख असायचं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

मग चन्नम्मा ओसरीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. लग्नसराई तोंडावर. शशीनं गाशा गुंडाळला आणि आईचं काम उरकायला हुपरीला निघाला. ‘निरोप’ तोवर ऋतुराजनं बघायची ठरलं.

कोड जिथं ठेवलेला असतो, तिथं हक्क देण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, मालकी आपल्याकडं ठेवून दुसऱ्याला कामापुरती परवानगी द्यायची. दोन, मालकीच त्याच्या नावावर करायची. ऋतुराजला दुसरी हवी होती. म्हणे, कामापुरत्या परवानगीत अडचणी येतात. मी शेजारीच उभा होतो. शशीला म्हणालो, “कामापुरतं दे की. मालकी कशाला?”

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच काही वंगाळ बोललो. “आमच्यात तसं न्हाय चालत, दादा. एका घरातनं दुसऱ्या घरात चांदीचा डबा जातो, तो किल्लीसकट. किल्ली मागं ठिवली तर समोरच्याला चोर म्हटल्यागत हुतंय. आन् ऋत्या काय परका हाय व्हय?”

ऋतुराज परका नव्हताच. कॉलेजपासून चन्नम्माच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन वाढलेला. तिला मावशी म्हणायचा. शशीनं माझ्यादेखत मालकी त्याच्या नावावर केली आणि संध्याकाळच्या एसटीनं हुपरीला गेला.

हुपरीत घुंगरं जोडता जोडता त्यानं एकदा ‘निरोप’मधली किरकोळ चूक सुधारून पाठवली. उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही. त्याला वाटलं, रेंजची भानगड असेल. ऋतुराजला फोन केला तर तो म्हणाला, “सुरक्षेसाठी सगळ्यांचंच बंद केलंय रं. तू ये, मग बघू.”

शशी परत आला तेव्हा वरची खोली रिकामी होती. ऋतुराजनं कंपनी काढून ऑफिस थाटलं होतं. ‘निरोप’च्या पानावर लिहिलेलं होतं, निर्माता ऋतुराज. कोणती ओळ कुणी कधी लिहिली याचा सगळा इतिहास त्यानं पुसला होता आणि पूर्ण कोड नव्यानं, आपल्या नावावर चढवला होता. अटीतलं नावही काढून टाकलेलं. शशी माझ्या दुकानात बसून ते पान वरखाली करत राहिला. मी शिव्या घातल्या, शशीच्या वाटणीच्याही घातल्या. तो एवढंच म्हणाला, “चुकून झालं आसंल.”

चुकून! ऋतुराजचा सत्कार झाला तेव्हा हा शहाणा मला घेऊन तिथं गेला, वर पहिल्या रांगेत बसला. ऋतुराजनं व्यासपीठावरून त्याच्याकडं हात केला आणि म्हणाला, “हा माझा मित्र शशी. ‘निरोप’ सगळ्यात आधी यानं वापरून बघितली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शशीनंही वाजवल्या. माझं डोकं असं फिरलं की मी उठून बाहेर आलो.

कार्यक्रमानंतर शशीनं त्याला बाहेर, माझ्यासमोरच गाठलं. पैसा नको, हुद्दा नको, अटीतलं नाव तेवढं परत घाल, एवढंच मागितलं. ऋतुराजनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. “मनाला लावून घेऊ नगंस, शश्या. पैसे घालणाऱ्यांना एकच चेहरा लागतो. नोकरी पायजे तर ये की ऑफिसात.” खांद्यावरचा तो हात मी बघितलाय. अजून आठवला की माझ्या मुठी वळतात.

पुढं ऋतुराजच्या लोकांनी वेग वाढवायच्या नादात कोडमधली एक तपासणी काढून टाकली. एखाद्याची लाइन मध्येच तुटली की त्याच्यासाठी थांबलेला निरोप टाकून द्यायचा, ही ती तपासणी. ती गेल्यावर तो निरोप भलत्याच माणसाला जायला लागला. कुठल्याशा देशात दवाखान्याच्या ॲपवर एका बाईचे रिपोर्ट दुसऱ्याच माणसाच्या हातात पडले. जगभर बोंब उठली. जो तो विचारायला लागला, हे लिहिलंय कुणी?

ऋतुराजनं जाहीर निवेदन काढलं. कंपनीला खेद आहे; हा दोष आमचा नसून मूळ लेखक शशिधर मगदूम यांच्या सुरुवातीच्या रचनेतला आहे.

शशीनं ते माझ्यासमोर वाचलं. “नाव घातलं की त्यानं,” म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला तो पडलाच. जुनी प्रत त्याच्याकडं होती. ती तपासणी आपण कशी लिहिली होती, हे दाखवून त्यानं उत्तर टाकलं. ते वाचलं असेल चार लोकांनी. शिव्यांचं पान मात्र लांबत गेलं आणि प्रत्येक शिवीच्या पुढं मगदूम, मगदूम.

रविवारी मी त्याला मोटरसायकलवर घालून हुपरीला नेलं. घरी जरा बरं वाटेल म्हणून. दारात पोचतोय तर चन्नम्मा गल्लीत साखर वाटत होती. शेजारच्या पूर्णिमानं तिला मोबाइलवर शशीचं नाव दाखवलं होतं. पोरीनं नाव वाचलं, त्याच्या आधीच्या दोन शब्दांचं मराठी करून ‘मूळ लेखक’ असं सांगितलं, पुढचं इंग्रजी तिला झेपलं नाही.

“या पावणं, बसा,” चन्नम्मा मला म्हणाली. “आमच्या शशीचं नाव जगात झालं म्हनं. व्हय रं, मूळ लेखक म्हंजे पयल्यांदा लिवणारा न्हवं?”

“व्हय, अव्वा.”

“आन् लई लोकं नाव घ्यायल्यात?”

“लई घ्यायल्यात.”

तिनं डोळ्याला पदर लावला. मला खरं सांगून टाकावंसं वाटत होतं, जीभ शिवशिवत होती. शशीनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी गप्प बसलो. चन्नम्मानं आत जाऊन खपली गव्हाची खीर आणली. मनगट अजून नीट वळत नव्हतं, वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

“नाव घातलं कुणी?” तिनं विचारलं.

“ऋत्यानं.”

“बघ, मोठा झाला तरी पोरगं इसारलं न्हाय,” ती म्हणाली. “त्येला जेवाय घेऊन ये की एकदा. माझ्या हातनं खीर वाढती त्येला.”

“आणतो की,” शशी म्हणाला आणि खाली मान घालून खीर खायला लागला.