आमच्या पुढे चालणाऱ्या सासूबाई

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जी गोष्ट दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं लोकांच्या तोंडावर सांगायचा मी पगार घेते. या ग्रुपवरचे गूढ अनुभव आजवर लंच ब्रेकमध्ये सॅलड खात, हसत हसत वाचले. आज स्वतःच लिहायला बसलेय... तेव्हा आता तुम्ही हसा.

आम्ही टेक्सासमध्ये, प्लेनोला राहतो. मी, नवरा निखिल आणि अकरा वर्षांची इरा. मागच्या वर्षी निखिलची आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायच्या, आता रिटायर्ड. मीही त्यांना आईच म्हणते, पण खरं सांगू का, आमच्यात एक अदबीचं अंतर होतं. त्या मला विचारून चहा टाकायच्या, मी त्यांना विचारून टीव्ही बंद करायचे. भांडण कधीच नाही, पण गळ्यात गळाही नाही.

इराच्या शाळेला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होती, तेव्हा त्यांना नायगरा दाखवायचं आमचं ठरत होतं. तर आई म्हणाल्या, "पाणी उंचावरून खाली पडणारच रे, त्यात काय बघायचं? मला ते माया लोकांचे पिरॅमिड दाखवा."

आमच्या जवळच्या डॅलसहून मेक्सिकोतलं कानकून विमानाने तीनएक तासांवर. निघालो!

आणि काय ट्रिप झाली म्हणून सांगू! तुलुमला समुद्राच्या कड्यावर उभी असलेली मायांची देवळं, खाली हिरवंनिळं पाणी आणि पायऱ्यांवर ऊन खात पडलेले हे एवढाले इग्वाना सरडे. दुसऱ्या दिवशी सेनोटे, म्हणजे जमीन खचून तयार झालेलं मोठं कुंड. आत काचेसारखं स्वच्छ पाणी. आई पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून सरळ आत उतरल्या. तळपायांना मासे गुदगुल्या करत होते आणि बाईंचं लेक्चर चालू — "हा सगळा चुनखडीचा प्रदेश. वर नदी दिसणार नाही तुम्हाला, पाणी सगळं पोटात!"

"आजी, यू आर फ्लोटिंग अँड टीचिंग!" इरा हसून हसून पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवशी कोबा. इथले अवशेष दाट जंगलात लांब लांब विखुरलेले आहेत आणि ते जोडणारे मायांनीच बांधलेले पांढरे रस्ते आहेत. लोक भाड्याची सायकल घेतात, नाहीतर सायकल-रिक्षासारख्या तीनचाकीत बसतात. "रस्ता त्यांनी चालायला केला होता," म्हणत आई चालत निघाल्या. मग आम्हीही.

भर दुपारी इराला एक पक्षी दिसला. निळा, आणि शेपटीला घड्याळाच्या लंबकासारखी दोन पिसं. निखिल कॅमेरा घेऊन त्याच्यामागे बाजूच्या पायवाटेने आत शिरला, त्याच्यामागे आम्ही. पक्षी उडाला. आणि मागे वळून बघतो तर पायवाटच नाही! चहूकडे सारखीच झाडं. फोनला नेटवर्क नाही. मॅपवर नुसता हिरवा रंग आणि त्यात अडकलेला आमचा निळा ठिपका.

सुरुवातीला आम्ही हसत होतो. मग आई एका मुळावर बसल्या आणि म्हणाल्या, "इरा, घंटा झाली का गं?"

कसली घंटा?

मी त्यांचा हात धरला. बर्फ! कपाळावरून घाम निथळत होता. शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि ब्रेकफास्टला पपईच्या दोन फोडी फक्त. खाऊची पिशवी गाडीत राहिलेली. मी सगळे खिसे चाचपले, एक चॉकलेटसुद्धा नाही.

"मी रस्ता शोधून येतो," निखिल म्हणाला.

"वेडा आहेस का? तूही हरवलास तर?"

शेवटी एका बाजूने त्याने, दुसऱ्या बाजूने मी, असं आईंना धरून चालायला लागलो. त्यांचे पाय फरफटत होते, मान खाली, डोळे मिटलेले. इरा पुढे होती. "इकडून! कम ऑन!" ती ओरडत होती आणि अजिबात न अडखळता वळत होती. अकरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असा विचारही तेव्हा आला नाही. ती वळली की आम्ही वळायचो.

थोड्याच वेळात समोर पांढरा रस्ता दिसला, आणि त्यावरून एक तीनचाकीवाला कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आमच्याकडे धावत येत होता.

घोट घोट करून पाजलं. पाचदहा मिनिटांत आईंच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर —

"त्या बाईंना दिलं का प्यायला?"

"कुठल्या बाईंना?"

"अरे, तुम्ही दोघं धरून आणत होतात त्या! मी आणि इरा पुढे चालत होतो. मागे वळून बघितलं तर तुम्ही कुणाला तरी घेऊन येताय."

निखिल म्हणाला, "आई, तूच होतीस ती. शुगर लो झाली तुझी."

त्यावर इरा वैतागून म्हणाली, "नो बाबा! आजी माझ्या पुढे होती. शी वॉज वॉकिंग सो फास्ट! मी आजीच्याच मागे येत होते ना."

मी इराकडे नीट बघितलं. पोरगी थट्टा करत नव्हती. आम्हालाच काही कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

टेक्सासमध्ये राहून जमवलेल्या माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी तीनचाकीवाल्याला विचारलं, तुला कसं कळलं आम्हाला मदत हवी आहे ते? त्याने सरळ आईंकडे बोट दाखवलं. म्हणाला, या बाई रस्त्यावर आल्या, मला हाक मारली, झाडीकडे हात दाखवला. मी बाटली काढायला वळलो आणि परत बघतो तर यांना तुम्ही धरून आणताय.

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

आई मात्र मजेत! "गुडघे जरासुद्धा दुखत नव्हते गं," हे त्यांनी त्या संध्याकाळी चारदा सांगितलं आणि माशांचे तीन टाको खाल्ले. दुसऱ्या दिवशी गुलाबी पाण्याचं सरोवर बघायलाही सगळ्यांच्या आधी तयार. आमच्या डॉक्टरांनी नंतर तपासलं, गोळीचा डोस बदलला. शुगर उतरली की भास होतात म्हणाले. मान्य. पण भास आईंना झाला असेल, तर इराला काय झालं? आणि त्या तीनचाकीवाल्याला? निखिल म्हणतो, इरा घाबरली होती आणि तुझं स्पॅनिश कच्चं आहे. असेलही.

आई साताऱ्याला परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी किचनमध्ये लाडू वळत होतो. मला राहवलं नाही.

"आई, तुम्ही मागे वळून बघितलंत तेव्हा त्या बाईचा चेहरा दिसला का हो?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडेच बघत होते. रडत होतीस तू. 'आई, आई' करत होतीस सारखी. मला वाटलं, हिचीच आई असणार."

मी त्या वाटेवर रडले होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. निखिललाही दिसलं नव्हतं. आणि आईंचे डोळे तर पूर्ण वेळ मिटलेले होते... ते मी स्वतः बघितलंय. कुणाला काही सुचत असेल तर खरंच सांगा, मला काहीही सुचत नाही.