टेबलावरचा डोंगर

फॉल्स सीलिंगवाल्या भैयाने आज प्लास्टर कालवलं आणि त्या ओल्या वासासरशी मी लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या पहिल्या खोलीत पोचलो. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सपाट लखनौला कंटाळलेली सुमन बॅग भरून संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला कायमची निघाली होती. मी मात्र टेबलावरच्या माझ्या छोट्या आगगाडीसाठी हिमालय लाजेल असा प्लास्टरचा डोंगर उभारत होतो.

"हा डोंगर? बटाटा आहे," म्हणत तिने बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हातांनी माहेरच्या घरामागचा कडा घडवू लागली. बघता बघता प्लास्टर घट्ट झालं.

"हात पहाड़ में फँस गए, गाड़ी छूट गई," मी भैयाला सांगितलं. साऱ्या लखनौला हेच सांगत आलोय.

चहा ठेवताना सुमन हळूच म्हणाली, "अहो, हात तर गाडीच्या वेळेआधी केव्हाच सुटले होते."