दाराबाहेर वालबोना

वालबोना कोसोवोतून लग्न होऊन आमच्या स्विस खेड्यात आली, त्याला वीसेक वर्षं झाली. गावच्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. माझ्या आईला शेवटचा घास तिनेच भरवला.

आमच्याकडे नागरिकत्व द्यायचं की नाही, हे आधी गावसभा हात वर करून ठरवते. त्या संध्याकाळी वालबोनाचा अर्ज होता, म्हणून तिला सभागृहाबाहेर थांबायला सांगितलं. आत जाण्याआधी मी तिच्यापाशी थांबले.

"व्रेनीताई, नाही म्हणाले तर?"

"परत अर्ज करशील."

"अर्जाचं नाही हो. उद्या यांच्याच आईबापांना आंघोळ घालायचीय. कुठल्या तोंडाने जाऊ?"

आत शेतकरी रुएडी उठला. "ही रविवारी, विश्रांतीच्या दिवशी, कपडे वाळत घालते!"

"तुझ्याच बापाच्या चादरी असतात त्या," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. तो बाहेर तिला ऐकू गेला असणार.

अर्ज मंजूर झाला. दार उघडलं, टाळ्या वाजल्या. पण सरपंचांनी विरोधातल्या मतांचा आकडाही वाचून दाखवला, तेव्हा तिचं हसू थिजलं.

घरी येताना तिने विचारलं, "ते विरोधातले कोण होते, ताई?"

"देवाशपथ, माहीत नाही. तुझ्या बाजूने हात वर केला आणि निकालापर्यंत मी डोळे मिटून प्रार्थना करत होते."

"म्हणजे उद्यापासून मी सगळ्यांनाच घाबरायचं," ती म्हणाली.